टेबलाखालचा ळ

मी एक जुना लाकडी ळ आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. कोण कोण हसलं ते मी लक्षात ठेवतो. लक्षात ठेवणं हा माझा स्वभाव आहे आणि माफ करणं मला कधीच जमलं नाही.

माझा जन्म एका अडचणीतून झाला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या शहरात मराठी जाहिरातींना एकाएकी मागणी आली. तोवर शहागंजातल्या निजामुद्दीनशेठच्या छापखान्यात उर्दूच जास्त छापलं जाई. शेठनी मोठ्या पोस्टरांसाठी नागरी अक्षरांचा एक लाकडी संच मागवला. पेटी आली, उघडली आणि पहिल्याच कामाला घोडं अडलं. टॉकीजवाल्याला हवं होतं 'रोज तीन खेळ'. सिनेमाच्या खेळांची ती जाहिरात. आणि पेटी होती हिंदीसाठी बनवलेली. तिच्यात ळ नव्हताच!

"ल लगा दे. किसको समझता?" शेठ म्हणाले.

"नको शेठ, लोगां हसते," अक्षरं जुळवणारा तरुण म्हणाला. त्याचं नाव चांदपाशा.

चांदपाशाच्या घरी दखनी चाले. त्याच्या स्वतःच्या तोंडीही 'खेल'च होतं. तरी तो शिसवी पाटाचा तुकडा घेऊन बसला आणि त्यानं ळ कोरला. मोठ्या कौतुकानं कागदावर उमटवला तर काय, आरशातला ळ! छापायचं अक्षर उलटं कोरावं लागतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण नव्या अक्षराच्या नादात विसरला. तो ळ चुलीत गेला. दुसरा मी. वीतभर उंच, गुळगुळीत आणि नीट उलटा. माझ्या बाजूला त्यानं खूण म्हणून एक बारीक चंद्रकोर कोरली. मला कोरता कोरता तो स्वतःशीच 'केळं, काळं, बाळ' असं घोकायचा. मी पुरा झालो तोवर त्याच्या जिभेवरही ळ बसला होता.

मग माझे दिवस आले. खेळ, मेळा, सोहळा, नाट्यमंडळ, सगळीकडे मीच. मी एकटाच असल्यामुळे एका ओळीत दोन ळ आले की कागद यंत्रातून दोनदा काढावा लागे. एकदा इकडं मी, एकदा तिकडं मी. बाकीची अक्षरं जळायची माझ्यावर. मला एकच सल होता. मराठीत ज्याची सुरुवात माझ्यापासून होते असा शब्द म्हणून नाही. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत बहुतेक सगळे दारात पहिले उभे राहतात. मी नेहमी मागं, कुणाच्या तरी पाठीशी. तेवढंच एक दुखणं होतं. बाकी मी सुखी होतो.

आणि मग ते फ्लेक्स आलं.

निजामुद्दीनशेठच्या मुलांनी छापखाना बंद केला. गाळा घेतला बन्सीनं. हा बन्सी म्हणजे पूर्वी आमचीच पोस्टरं भिंतीवर चिकटवणारा. खळीची बादली घेऊन सायकलवरून हिंडायचा. आमच्या जिवावर ज्याचं घर चाललं, त्यानं यंत्र भंगारात दिलं आणि पेटीतली अक्षरं घरी नेऊन अंघोळीच्या बंबात घातली. "ह्या लाकडाचा आता काय उपयोग?" असं म्हणाला तो. माझ्यासमोर म्हणाला. अ गेला, क गेला. ज्ञ ओला होता म्हणून त्याला उन्हात वाळवून जाळला.

मी वाचलो, कारण बन्सीच्या नव्या कॉम्प्युटरचं टेबल डुगडुगत होतं. त्यानं मला टेबलाच्या पायाखाली सरकवलं. ज्या यंत्रानं माझ्या भावंडांना देशोधडीला लावलं, तेच यंत्र मी वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन बसलो. सांगा, मित्रांनो, तुमचं डोकं शांत राहिलं असतं?

मी वाट पाहिली. रोज झाडू लागायचा, रोज कुणाचा तरी बूट लागायचा. एक दिवस बन्सीनं भरलेला चहाचा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला आणि मी सरकलो. लोक म्हणतील लाकूड कुठं आपण होऊन सरकतं का. म्हणू देत. टेबल झुकलं, चहा बटणांवर सांडला. बन्सीनं सगळं पुसून काढलं, मला पुन्हा लाथेनं आत ढकललं. सगळी बटणं नीट चालली. फक्त ज्या बटणानं ळ उमटतो, तेवढंच चिकटून बसलं.

मला वाटलं, आता ह्याचा धंदा बसला. छे! बन्सीनं ळच्या जागी ल टाकायला सुरुवात केली. लग्नाच्या फ्लेक्सवर 'विवाहसोहला' झाला. नळदुरुस्तीवाल्याची 'नलदुरुस्ती' झाली. लोक फ्लेक्स गुंडाळून निमूट घेऊन गेले. कुणाचंच काही अडलं नाही. मित्रांनो, बंबात जळण्यापेक्षा ते वाईट होतं. त्या दिवसापासून माझा राग एकट्या बन्सीवर राहिला नाही.

अशात एका दुपारी दुकानात दोन विद्यार्थी आले. नाट्यशास्त्र विभागात शिकणारे. त्यांनी मिळून एक छोटा सिनेमा केला होता आणि विभागातल्या त्याच्या प्रयोगाची जाहिरात करायची होती. मुलगा बद्रीनाथ, वाळूजकडच्या आप्पासाहेबांचा. आप्पासाहेब म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात त्यांतले. मुलगी छावणीतली, जोहरा.

"नाव काय टाकायचं?" बन्सीनं विचारलं.

"'शेवटचा खेळ'," बद्रीनाथ म्हणाला. "अन् माझा फोटो मोठा घ्या, गॉगलवाला. खाली 'दिग्दर्शक : बद्रीनाथ'. ठळक."

"बद्री, दिग्दर्शन मी केलंय," जोहरा म्हणाली. "तू कॅमेरा आणून द्यायचास आणि निघून जायचास. गोष्ट माझी, शूटिंग माझं."

"कॅमेरा कुणाचा होता?"

"तुझा होता."

"मग झालं तर. तुझं नाव हाये की खाली, 'विशेष आभार'मध्ये."

टेबलाखाली मी एकदम कान टवकारले. विभागातर्फे हा सिनेमा पुण्याच्या महोत्सवाला जायचा होता आणि सिनेमाबरोबर दिग्दर्शक जाणार होता. जोहरानं जो सिनेमा उन्हातान्हात फिरून केला, त्यावरून तिचं नाव एका दुपारी पुसलं जात होतं. तेही माझ्या डोक्यावरच्या यंत्रावर.

बन्सीनं अक्षरं टाकली. जोहरा पुढं वाकली. "बन्सीकाका, ते 'खेल' झालंय. ळ पाहिजे."

"ते बटण बिघडलंय, पोरी. कोण बघतंय?"

"बघणारे बघतात," जोहरा म्हणाली.

तेव्हा बद्रीनाथ हसला. ते हसू मी विसरणार नाही. "आता तू मला मराठी शिकवणार व्हय? तुमच्या घरी तर 'खेल'च म्हणत असतील. राहू द्या हो काका, चालतंय."

जोहरा निघायला वळली. तिच्या ओढणीचं टोक टेबलाच्या पायात अडकलं होतं. ते सोडवायला ती खाली वाकली, आणि तिला मी दिसलो. धुळीत माखलेला. तिनं बोटानं धूळ पुसली. चंद्रकोर दिसली. ती थिजून तशीच बसून राहिली.

"काका," ती अगदी सहज म्हणाली, "हा लाकडाचा ठोकळा घेऊ का?"

"घे की. मी पुठ्ठा लावतो तिथं."

असा मी सुटलो. तिनं मला ओढणीत गुंडाळून छावणीत आणलं आणि अंगणात बाजेवर बसलेल्या आपल्या नानांच्या, म्हणजे आईच्या वडलांच्या, हातात ठेवलं. म्हातारे डोळे, पण अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि चंद्रकोरीवर थांबला.

"येच है," चांदपाशा म्हणाला. "मेरे हाथ का है. किधर मिला गे तेरेकू?"

"बन्सीच्या टेबलाखाली."

जोहरानं त्याला दुकानातलं सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिचे डोळे कोरडे होते आणि ते बघून मला फार बरं वाटलं. माझ्या जातीची होती पोर.

"तुमारे विभागके मॅडमकू बोल जा," चांदपाशा म्हणाला.

"सांगून काय होणार, नाना? माझा शब्द आणि त्याचा शब्द. सिनेमाच्या सुरुवातीला नावंसुद्धा त्यानं आपलीच घालून घेतलीत. मला त्याच्या तोंडूनच काढून घ्यायचंय." मग ती माझ्याकडं बघत राहिली. "नाना, ह्याच्यानं छापता येईल?"

यंत्र नव्हतं, पण यंत्राशिवायही येतं. चांदपाशानं मला लाल शाई लावली, वर कागद अंथरला आणि वाटीच्या बुडानं घासला. कागद उचलला. कागदावर एकटा ळ! ना पुढं अक्षर, ना मागं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आधी कुणी नव्हतं. जोहरानं असे ढीगभर कागद काढले, घरी खळ शिजवली आणि मैत्रिणींना घेऊन सगळं शहर फिरली. गुलमंडीत ळ, औरंगपुऱ्यात ळ, हर्सूलच्या रस्त्यावर ळ. खाली बारीक अक्षरांत फक्त प्रयोगाचा वार आणि विभागाचा पत्ता.

लोक बुचकळ्यात पडले. रिक्षावाले विचारायचे, "हे काय नवीन? पक्ष हाये का साबण?" कॉलेजात तर दुसरा विषयच नव्हता. बद्रीनाथला आधी कळेना. मग त्याला पत्ता दिसला आणि चोहीकडून कौतुक येताना दिसलं. "आपलीच आयडिया हाये," तो सांगू लागला. जोहरानं ऐकलं आणि मान खाली घालून हसली. सापळ्यात पाय पडला की असं हसायचं असतं.

प्रयोगाच्या दुपारी सभागृह भरून वाहिलं. मी जोहराच्या पिशवीत होतो. दारावर भलामोठा फ्लेक्स: गॉगलवाला बद्रीनाथ आणि वर 'शेवटचा खेल'. आत दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. तो तुम्हाला सांगायलाच हवा. एक म्हातारा अक्षरजुळारी टॉकीज बंद होण्याआधीचं शेवटचं पोस्टर जुळवतो आहे. 'शेवटचा खे' एवढं जुळलंय आणि ळ हरवलाय. सगळे म्हणतात, ल लाव. तो लावत नाही. शहरभर आपला ळ शोधत फिरतो. म्हाताऱ्याचं काम चांदपाशानंच केलं होतं. शेवटी तो भिंतीवर अर्धं पोस्टर चिकटवतो आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून उभा राहतो. पिशवीत मी लाकडाचा असूनही मला गलबलून आलं. माझ्यासाठी कुणीतरी इतकं हिंडलं होतं आणि मी तेव्हा बन्सीचा चहा सांभाळत होतो.

टाळ्या थांबेनात. विभागप्रमुख वच्छलाबाई मंचावर आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी दिग्दर्शकाला बोलावलं. बद्रीनाथ गेला.

"हे गावभर लावलेले ळ तुझीच कल्पना?"

"व्हय मॅडम. सिनेमाचा जीवच ळ हाये ना," तो म्हणाला. सिनेमा त्यानं पहिल्यांदा आत्ताच पाहिला होता, पण पाठ लवकर झालं होतं.

"मग दारावरच्या तुझ्या फ्लेक्सवर तो का नाही?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ळ हरवलाय, मॅडम! म्हातारा हुडकतोय!" सगळं सभागृह हसलं.

"ते... ते बन्सीकाकाचं बटण बिघडलं होतं. मी म्हणलं चालतंय."

"चालतंय?" मॅडम म्हणाल्या. "ज्या माणसानं ळ शिवाय चालत नाही म्हणून आख्खा सिनेमा केला, तो 'चालतंय' म्हणाला? बद्रीनाथ, हा सिनेमा कुणी केलाय?"

त्यानं न राहवून जोहराकडं बघितलं, आणि ते सगळ्यांनी बघितलं. जोहरा उठली. मंचाकडं गेली नाही. दाराकडं गेली. तिच्या मागून सगळे. पिशवीतून तिनं मला काढलं, चांदपाशानं डबी उघडून शाई लावली. 'दिग्दर्शक : बद्रीनाथ' ही ओळ बरोबर माझ्या उंचीची होती. जोहरानं मला तिच्यावर दाबलं. ळ. पुन्हा दाबलं. ळ. ब गेला, द्री गेली, ना गेला, थ गेला. प्रत्येक ठोक्याला मी एकेका भावंडाचं नाव घेत होतो, जे बंबात गेले त्यांचं. मला इतकं सुख जन्मात झालं नव्हतं.

मग जोहरा बद्रीनाथकडं वळली आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, "आमच्या घरी 'खेळ' म्हणतात."

पुण्याला जोहराच गेली. बन्सीचं म्हणाल तर त्याच्या दुकानात आजही गिऱ्हाईक पाऊल ठेवता ठेवता विचारतं, "का हो, ळ हाये का शिल्लक?" तो चिडतो. मला इथून ऐकू येत नाही, जोहरा येऊन सांगते. मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावतो.

खोटं कशाला बोलू, मित्रांनो, सूड घेतला म्हणून क परत आला नाही. ज्ञ आला नाही. कधी कधी वाटतं, एखादा ख जरी सोबतीला असता तरी बरं झालं असतं. आता मी जोहराच्या टेबलावर असतो. वर, खाली नव्हे. चांदपाशा येता-जाता माझ्यावर अंगठा फिरवतो.

आत्मवृत्ताच्या शिरस्त्याप्रमाणे शेवटी काहीतरी मागायचं असतं, तर मागतो. जुन्या वस्तू जपा. दया म्हणून नको, दया मला आवडत नाही. तुमच्याही घरात एखादं डुगडुगणारं टेबल असेल आणि त्याच्या पायाखाली कुणीतरी असेल. एकदा वाकून बघा, कोण आहे ते. आणि तोवर चहा जपून ठेवा.