सगळं खाते

एसटीतून उतरून रिक्षा शोधताना स्नेहल म्हणाली, "आई, आज मी त्यांना सांगून टाकते."

सगुणाने पदर खांद्यावर ओढून घेतला. "आज नको. साखरपुडा होऊ दे."

"आणि त्यांनी काही खायला दिलं तर?"

"चहाला बोलावलंय, जेवायला नाही. केक खा, बिस्किटं खा. बाकीचं मी बघते."

स्नेहलला कोळंबी चालत नसे. आवडनिवडीचा प्रश्न नव्हता. सातवीत असताना वाडीतल्या एका बारशाला तिने कोळंबीभाताचे चार घास खाल्ले आणि पानावरून उठायच्या आत तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर तिला मधे धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि नंतर सगुणाला बाहेर बोलावून सांगितलं, "कोळंबी नको, जवळा नको, खेकडा नको. कणभरसुद्धा नको. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, आणि दवाखाना जवळ असेलच असं नाही."

स्नेहल आता सव्वीस वर्षांची होती. चिपळूणला एका पतपेढीत काम करायची, सावर्ड्याहून रोज जाऊन-येऊन. आधीची दोन स्थळं हे ऐकल्यावर मागे फिरली होती. एका मुलाच्या आईने तर फोनवर विचारलं होतं, "असलं काही पुढे मुलांनाही होतं का हो?" म्हणून विनीतचं स्थळ आलं आणि त्याच्या आईने, हौसाबाईंनी, पहिल्याच भेटीत सहज विचारलं, "मासेबिसे खाते ना पोरगी?" तेव्हा सगुणा म्हणाली होती, "खाते की. सगळं खाते."

विनीतच्या वडिलांचा मिरजोळ्याला कोळंबी सोलून गोठवायचा कारखाना आहे, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती तसं म्हणाली.

दुसऱ्या भेटीसाठी तिने गुरुवार सुचवला होता. गुरुवारी स्नेहल मासे खात नाही, असं सांगता आलं असतं. पण भागोजीशेठनी, म्हणजे विनीतच्या वडिलांनी, रविवार ठरवला आणि जागाही त्यांनीच ठरवली.

ती जागा म्हणजे मांडवी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, टेकडीवरचं एक मोठं हॉटेल. दारातल्या माणसाने वाकून नमस्कार केला तेव्हा सगुणा गोंधळून चपला काढायला लागली. स्नेहलने तिचा हात धरून तिला तशीच आत नेली. आत गारठा होता. एक अख्खी भिंत काचेची, तिच्यापलीकडे समुद्र, पण त्याचा आवाज आत येत नव्हता. माणसं हळू बोलत होती. चमचा बशीला लागला तरी ऐकू येत होता.

भागोजीशेठ, हौसाबाई आणि विनीत आधीच येऊन बसले होते. विनीत उठून उभा राहिला. कारखान्याचा कारभार पाहणारा, कमी बोलणारा मुलगा. स्नेहलशी त्याचं फोनवर बरं जमलं होतं, आणि सगुणाला तो मनापासून आवडला होता.

"बस गो बाय," भागोजीशेठ स्नेहलला म्हणाले. "आज तुला साहेबांचा चहा पाजतो."

वेटरने टेबलाच्या मधोमध तीन मजली स्टँड आणून ठेवला. खालच्या ताटलीत बोटभर लांबीचे सँडविच आणि छोटे गोल कटलेट, मधल्या ताटलीत भाजलेलं काहीतरी, वरच्या ताटलीत सुपारीएवढे केक. मग तो हात मागे बांधून एकेक पदार्थाचं नाव सांगू लागला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आणि सगळं इतक्या हळू आवाजात की सगुणाला काहीच कळलं नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. एका ठिकाणी त्याचा हात खालच्या ताटलीकडे गेला आणि भागोजीशेठ हसले.

"ती आपली," ते म्हणाले. "ह्या हॉटेलात कोळंबी आमच्याकडूनच येते. आचाऱ्याला म्हटलं, सून येणार आहे, काहीतरी खास कर."

सगुणाने तिन्ही ताटल्यांवरून नजर फिरवली.

"कशात कशात घातलीय?" तिने विचारलं, आणि आवाज जमेल तितका हौशी ठेवला.

"आता ते खाऊनच ओळखा."

स्नेहलने आईकडे पाहिलं. सगुणाने डोळ्यांनीच तिला थांबवलं, मग स्वतः हात पुढे करून एक सँडविच उचललं आणि तोंडात टाकलं. काकडी आणि लोणी. तिने होकारार्थी मान डोलावली. स्नेहलने त्याच रांगेतलं दुसरं उचललं. मग सगुणाने मधल्या ताटलीतलं तिकोनी काहीतरी उचललं. आत बटाटा होता. पुन्हा मान डोलली. पुढचा तुकडा तिने घेतला तो गुलाबीसर होता आणि जिभेवर गोडसर चव आली. तिने तो तसाच गिळला आणि स्नेहलकडे बघून हळूच नकारार्थी डोकं हलवलं.

असं चाललं होतं. तिची जीभ चव घेत नव्हती, फक्त शोधत होती. हौसाबाई तिच्याकडे बघून हसल्या. "आवडलं वाटतं तुम्हाला. घ्या, घ्या. लाजू नका." सगुणाला कानशिलं तापलेली जाणवली, पण आपण हावरट दिसलो हे बरंच झालं, असं तिला वाटलं.

विनीत आणि स्नेहल बोलू लागले होते. पतपेढीतल्या एका गमतीदार खातेदाराची गोष्ट ती सांगत होती आणि तो खरोखर हसत होता. सगुणाला पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला. चहा संपत आला होता. आता केक खाल्ले की उठायचं.

तेवढ्यात भागोजीशेठनी एक कटलेट हौसाबाईंच्या बशीत ठेवलं. हौसाबाईंनी छोट्या सुरीने ते मधोमध कापलं, अर्धं नवऱ्याला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग वरच्या ताटलीतला एक केक काढला.

"आता ह्या दोघांचं तोंड गोड करू. एकातलं अर्धं अर्धं," त्या म्हणाल्या, आणि त्याच सुरीने केक कापायला घेतला.

सगुणाला सुरी स्पष्ट दिसली. पात्याला कटलेटचा बारीक गुलाबी कण चिकटलेला होता. पातं केकमध्ये गेलं, पलीकडून बाहेर आलं, आणि कण दिसेनासा झाला.

आता बोलायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की थांबा. पण मग सगळं बाहेर आलं असतं, आधीचं खोटंही. एवढासा कण. इतका कण काय करणार? पुसला गेला असेल. दुसऱ्या अर्ध्यात गेला असेल. हौसाबाईंनी एक अर्धं विनीतच्या तोंडात घातलं, दुसरं स्नेहलच्या. स्नेहल हसली आणि तिने केक खाल्ला. केक तर आईनेच खायला सांगितला होता.

सगुणा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

काही झालं नाही. भागोजीशेठ साखरपुड्याच्या हॉलबद्दल बोलू लागले. सगुणा "हो, हो" म्हणत होती आणि मुलीचा गळा, ओठ, कान बघत होती. स्नेहल पाणी प्यायली. माणूस पाणी पितोच. तिने मानेवर नखं फिरवली. केस टोचत असतील. मग ती खाकरली. पुन्हा खाकरली. पुन्हा पाणी प्यायली, आणि ग्लास खाली ठेवताना तिने आईकडे पाहिलं. ती नजर सगुणाने सातवीतल्या पोरीच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

"मी जरा जाऊन येते," स्नेहल म्हणाली आणि उठली.

सगुणा तिच्यामागे गेली. बाथरूममध्ये मोठे आरसे होते, संगमरवर होता, कुठेतरी मंद संगीत चालू होतं. स्नेहल बेसिनवर वाकून उभी होती. कॉलर बाजूला केली तर मानेवर लाल गांध्या एकमेकींना भिडत चालल्या होत्या. पर्समध्ये कायम ठेवलेली गोळी तिने केव्हाच तोंडात टाकली होती.

"मी काहीच खाल्लं नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "तू मान डोलावलीस तेवढंच खाल्लं."

"थांब जरा. गोळी लागू पडेल."

दोघी थांबल्या. आरशात स्नेहलचा खालचा ओठ हळूहळू जाड होत गेला. ती बोटांनी बेसिनची कड दाबून धरत होती. मग सगुणाला ती बारीक शिट्टी ऐकू आली, श्वास आत जाताना येणारी. स्नेहलने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

सगुणा बाहेर धावली. त्या शांत हॉलमध्ये टेबलांमधून धावणारी ती एकटीच बाई होती, लोक वळून बघत होते.

"माझ्या मुलीला कोळंबी चालत नाही," ती टेबलापाशी येऊन म्हणाली. "कधीच चालत नाही. मी खोटं बोलले. तिला श्वास घेता येत नाहीये. गाडी काढा."

भागोजीशेठच्या हातात कप तसाच राहिला. मग विनीत खुर्ची मागे ढकलून उठला आणि बाथरूमकडे पळाला. तो आत गेला आणि स्नेहलला उचलूनच बाहेर आला. हॉटेलचा मॅनेजर मधे येऊन काहीतरी विचारू लागला, त्याला हौसाबाईंनी हाताने बाजूला सारलं.

गाडी टेकडी उतरली आणि मांडवीच्या रस्त्यावर अडकली. रविवारची संध्याकाळ, किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं, भेळेच्या गाड्या, वाकड्यातिकड्या लावलेल्या स्कूटर. मागच्या सीटवर सगुणाने मुलीला छातीशी टेकवून बसवलं होतं. स्नेहलचे डोळे सुजून बारीक झाले होते. शिट्टी आता कमी ऐकू येत होती आणि त्याचीच सगुणाला जास्त भीती वाटत होती. ती प्रत्येक श्वासाची वाट बघत होती. एक आला की पुढचा येईपर्यंत मधलं अंतर संपत नव्हतं.

भागोजीशेठ गाडीतून उतरले. भरल्या अंगाचा, पांढऱ्या शर्टातला तो माणूस गाडीपुढे धावत लोकांना दोन्ही हातांनी बाजूला करू लागला. "सरा रे. पोरगी मरतेय, सरा." विनीत हॉर्न दाबून धरून त्यांच्या मागोमाग गाडी सरकवत होता.

"स्नेहल, ऐकू येतंय का?" तो पुढूनच विचारत होता. "मावशी, ती बघतेय ना?"

"बघतेय," सगुणा म्हणाली. स्नेहल बघत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी एक नजर टाकली आणि काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. मास्क लावला, सलाईन लावलं, मग दुसरं इंजेक्शन दिलं. सगुणाला बाहेर काढलं. बंद दाराच्या काचेला कागद चिकटवलेला होता, आतलं काही दिसत नव्हतं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि आतल्या पावलांचे आवाज ऐकत राहिली. पावलं धावत होती तोवर मुलगी जिवंत होती, एवढं तिला कळत होतं. मग पावलं थांबली. तिने डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. "सावरतेय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण आज इथेच ठेवायची. हे काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. अजून उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

सगुणा बाकावर बसली. शेजारी हौसाबाई येऊन बसल्या.

"मला सांगायचं होतंत," हौसाबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणाले असते." त्यांनी नाक पुसलं. "आमच्या घरात कपड्यांना, केसांना, भांड्यांना सगळीकडे कोळंबी. मी नाहीच म्हणाले असते. पण पोर तुमच्या घरी धडधाकट असती. मी तिला माझ्या हाताने भरवलं हो. ती गेली असती तर मी काय केलं असतं?"

समोर विनीत नळापाशी कोपरापर्यंत हात साबणाने धूत होता. धुवून झाले की पुन्हा साबण लावत होता. शेवटी तो वॉर्डच्या दारापर्यंत गेला, पण आत पाऊल टाकायला धजला नाही. तिथूनच म्हणाला, "स्नेहल, मी बाहेर आहे." आणि खरोखरच अंधार पडेपर्यंत बाहेर उभा राहिला.

सगुणाला आत सोडलं तेव्हा स्नेहलचा चेहरा अजून सुजलेला होता, पण श्वास नीट चालला होता. सगुणाने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"कशातून गेलं?" स्नेहलने मास्क बाजूला करून विचारलं. "केकमध्ये कोळंबी नसते."

सगुणा म्हणाली, "सुरीला लागली होती."

"तुला कसं कळलं?"

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, असं म्हणता आलं असतं. सगुणाने पलंगाची गार कड पकडली. "मी बघितलं होतं. कापताना."

स्नेहलने मास्क पुन्हा तोंडावर ओढला आणि मान खिडकीकडे वळवली.

सकाळी नोकरीसाठी मुंबईला राहणारे तिचे बाबा आले आणि दुपारी तिघं घरी गेले. विनीतचे फोन आठवडाभर येत होते. तो म्हणाला, वेगळं घर करू, मी कारखान्यात जायचं बंद करीन. लग्नाला स्नेहलनेच नाही म्हटलं. "तू घरी यायचास आणि मी आधी तुझे हात बघायचे," ती त्याला म्हणाली. "असं रोज घाबरून मला नाही राहता येणार. तुलाही येणार नाही." तो रडला. तीही फोन ठेवून रडली, पण दार लावून घेऊन.

आईवर ती ओरडली नाही. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. फक्त जेवायच्या वेळी सगुणा ताट वाढू लागली की ती उठायची, आपलं ताट मोरीवर नेऊन धुवायची, डाव धुवायची आणि मग स्वतःच्या हाताने भात-आमटी वाढून घ्यायची. घरात कोळंबीचं सालही नव्हतं. तरी ती रोज धुवायची, आणि सगुणा हातातला भाताचा डाव खाली ठेवून ती येईपर्यंत थांबायची.