राणीसाहेबांचा ब्लाउज

"महाराणी, आपण अद्याप निजला नाहीत?" पिठाच्या डब्यावर ताठ बसून गौरीशंकर म्हणाला.

"महाराज रणांगणी असता आम्हांस निद्रा कशी यावी?" शिवलीलाच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती, पण मान तिनं राणीसारखी सावकाश वळवली.

"आपल्या या निष्ठेपुढं आमचं सिंहासन... अगं ए, दूध चाललं की!"

तिनं गॅस बंद केला.

मुरुमच्या यात्रेत दरवर्षी नाटक व्हायचं. गौरीशंकर डाळमिलवर कामाला होता. आवाज भरदार, म्हणून राजा तोच. पाठांतराला समोर कुणीतरी लागतं, म्हणून घरात राणी शिवलीला. यंदा नाटक बसवणारे भीमाशंकर मास्तर फार कडक होते.

"राजाच्या बायकोला समोर 'महाराणी' म्हनायचं, माघारी 'राणीसाहेब'," गौरीशंकरनं घरी येऊन सांगितलं होतं. "'आपण'शिवाय बोलायचं न्हाय. तोंडातनं 'तू' आलं की पडदा पाडतो म्हनले."

त्यांची मुलगी आता दहावीला होती. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं शिवलीलाला 'अगं ए'च्या पलीकडे हाक मारली नव्हती. तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं. शेजारीपाजारी तीच रीत. पण या महिन्यात रोज संध्याकाळी कुणीतरी तिला 'आपण' म्हणत होतं. तेवढ्यासाठी ती शिलाई मशीन लवकर झाकून ठेवायची.

यात्रेला दोन दिवस उरले असताना सोलापूरहून राजेश्वरी आली. राणीच्या कामाला दरवर्षी बाहेरून नटी आणत. ही चाळिशी ओलांडलेली, वाळलेली बाई. पण मंडळी पहिल्या चहापासूनच तिला राणीसाहेब म्हणू लागली. तिचा जरीचा ब्लाउज सैल पडत होता. तो बेताचा करून घ्यायला गौरीशंकर तिला घरी घेऊन आला.

"आपण इथं बसा, राणीसाहेब."

शिवलीला टेप हातात घेऊन तशीच उभी राहिली. समोर संवाद नव्हते, मास्तर नव्हते. तरी तो 'आपण' म्हणाला होता.

"अगं ए, बघत काय उभी राहिलीस? पानी आन."

राजेश्वरीनं माप दिलं. "वहिनी, काखेत जरा ढिला राहू द्या. आरतीचं ताट लई वर धरावं लागतं मला."

"व्हय," शिवलीला म्हणाली.

राजेश्वरी गेल्यावर शिवलीलानं विचारलं, "आज वाचायचं न्हाय?"

"आता कशाला? खरी राणी आली की!" तो हसत चप्पल घालून तालमीला गेला.

शिवलीला मशीनवर बसली. काखेत तिनं मापापेक्षा दोन बोटं आत शिवण घातली. पुन्हा उसवून सैल करता येऊ नये म्हणून आतलं जास्तीचं कापडही कातरून टाकलं.

नाटकाला ती बायकांच्या बाजूला पुढंच बसली. "महाराणी, आपण अद्याप निजला नाहीत?" हे वाक्य त्यानं स्वयंपाकघरातल्यापेक्षा मऊ आवाजात म्हटलं, असं तिला वाटलं. शेजारची मल्लम्मा तिला कोपरानं ढोसत म्हणाली, "तुझा नवरा काय गोड बोलतोय गं!"

राजेश्वरीनं आरतीचं ताट वर धरलं आणि काखेतली शिवण टरकन फाटली. मागून शिट्ट्या आल्या. तिनं हात अंगाशी दाबला, ताट कलंडलं. शिवलीलाला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली गारही वाटलं.

तेवढ्यात राजानं खांद्यावरचा शेला काढला आणि राणीच्या अंगावर हळूच पांघरला. "गार वारं सुटलंय, महाराणी. आपण हा शेला घ्यावा."

शिवलीलाला सगळं नाटक पाठ होतं. हे वाक्य त्यात नव्हतं. मग तो वाकून राणीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मांडवात टाळ्या पडल्या. शिवलीला उठून घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी गौरीशंकर मांडव सोडायला गेल्यावर राजेश्वरी आली. अंगावर विटकी सुती साडी, ब्लाउज पिशवीत.

"उद्या ईट गावाला प्रयोग हाय, वहिनी. आत कापडच ठेवलं न्हाय तुमी. जोड द्यावा लागंल."

आवाजात तक्रार नव्हती. शिवलीलाला मान वर करता येईना. "घट्ट झाला," ती म्हणाली.

"झाला खरा."

मग विचारायचं नव्हतं तेच तिच्या तोंडातून निघून गेलं. "काल कानात काय म्हनले ते?"

"महाराज व्हय?" राजेश्वरी हसली. "म्हनले, बाई, पाया पडतो, शिवनीवरनं आमच्या घरी काय बोलू नका. मन लावून शिवलाय तिनं. तिला लई लागंल."

बाहेर मांडवाचे बांबू एकावर एक पडत होते. शिवलीलानं ब्लाउज उलटा करून फाटलेली शिवण बघितली. मग टेप घेऊन उठली. "हात वर करा."

राजेश्वरीनं हात उचलला. काखेपाशी शिवणीचा तांबडा वळ उठला होता. शिवलीलानं तिथं टेप टेकवली नाही, अलगद बाजूनं माप घेतलं.

मग तिनं पेटी उघडली आणि तळातून लग्नातला जरीचा खण काढला. तो तिनं कधी शिवलाच नव्हता.

"अवो, नको. एवढा चांगला खण..." राजेश्वरी म्हणाली. "आन् रंगबी जुळत न्हाय."

"काखंत येतो," शिवलीला म्हणाली. "कुनाला दिसत न्हाय."

तिनं खणाची घडी मोडली, मशीनच्या फळीवर हातानं सपाट केली आणि मधोमध कात्री लावली.