कोपऱ्यातली खुर्ची

मुंगळीला मुंगळी म्हणत ते उगाच नाही. एकदा समोरचीची कॉलर तिच्या मुठीत आली की डोकं तुटेल पण मूठ सुटणार नाही, अशी तिची ख्याती होती. शाळेपासून ती ज्युदो खेळली. पुढे संघातली तिच्या वजनाची जागा एका तरण्या पोरीने घेतली, तेव्हा ही रडत बसली नाही. जॅकेट खुंटीला टांगलं आणि कुस्तीच्या मॅटवर जाऊन उभी राहिली. दोन्हीकडे माणसाला खालीच पाडायचं असतं, असं ती म्हणायची. पहिलं वर्ष तिने गाजवलंही. मग एकाएकी हरायला लागली.

हरणं तिला नवीन नव्हतं, पण हे हरणं काही वेगळंच होतं. ती डावीकडे झेपावली तर समोरची डावीकडे आधीच हजर. उजवीकडे जावं तर तिथेही पाहुणचाराची तयारी. एकदा झालं तेव्हा तिने नशिबाला बोल लावला. पण बेकरीवालीने तिला तसंच उचलून आपटलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. बेकरीवाली तिच्याच वजनाची, रोज पहाटे मैदा मळून मनगटं लोखंडी झालेली. ताकद आहे, मान्य. पण हिला माझे डाव आधी कळतात कसे? कोणीतरी सांगतंय म्हणूनच ना!

आणि सांगणारं लांब शोधायलाही नको होतं. तिचे सगळे डाव ठाऊक असलेलं माणूस घरातच होतं. तिची वहिनी.

वहिनीही मूळची ज्युदोतलीच. लग्नाआधी ती ज्या क्लबात खेळायची, त्याच क्लबात आता बेकरीवाली कुस्ती शिकत होती. मुंगळी गाद्यांच्या कारखान्यात शिवण तपासायची. तिथून आणलेले नापास फोमचे तुकडे मागच्या खोलीत अंथरून नणंद-भावजय रोज संध्याकाळी सराव करत. मुंगळीला सवय म्हणून वहिनी आपलं जुनं जॅकेट चढवायची आणि मुकाट आपटून घ्यायची. स्पर्धेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर टॉवेल नि पाण्याची बाटली घेऊन तीच बसायची. इतके दिवस मुंगळीला ही माया वाटली होती. आता तिला त्यात कावा दिसायला लागला.

संशयाला एकदा घरात घेतलं की त्याच्या खाण्यापिण्याची सोय आपोआप होते. वहिनी गॅलरीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायची आणि मुंगळी दिसली की "बरं, ठेवते" म्हणायची. कोण होतं, असं विचारलं तर म्हणे जुने सर, सहज. जुने सर म्हणजे त्याच क्लबचे! आणि लढतीत मुंगळी झेप घेणार, नेमकी तेवढ्यात ही खुर्चीवरून ओरडायची, "हात! हात!" आता हे ओरडणं कोणासाठी होतं? मुंगळीसाठी, की समोरचीसाठी?

वहिनीने घरीही एकदा विषय काढला होता. "मुंगळे, झेपेच्या आधी तुझा हात..."

"मला शिकवू नकोस," मुंगळी म्हणाली. "पदकं कोणाच्या भिंतीवर लागलीत ते बघ जरा."

वहिनीने जॅकेटचा पट्टा सोडला आणि कुकर लावायला निघून गेली. त्यानंतर तिने घरात हाताचं नाव काढलं नाही.

कुस्तीच्या संघाची निवड चाचणी जवळ आली. अंतिम लढत बेकरीवालीशीच होती आणि जिंकेल ती संघात जाणार होती. मुंगळीचं वय पाहता पुढच्या वर्षी तिला कोणी दारातही उभं केलं नसतं. तिला झोप लागेना, आणि तिने मनातला संशय दादाच्या कानावर घातला.

"दादा, वहिनी माझे डाव बेकरीवालीला पुरवते."

"वेड लागलंय का तुला?" दादा हसला.

"मग ते गॅलरीतले फोन कसले?"

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे जरा खुट्ट झालं की आधी तार तपासायची, हा त्याचा स्वभावच. तो हसायचा थांबला. त्या दिवसापासून नवरा-बायकोत अबोला सुरू झाला. मुंगळीला ते बघवत नव्हतं, पण घरात आपल्या बाजूचं कोणी आहे याचं तिला बरंही वाटलं. खोटं कशाला बोला!

लढतीच्या आदल्या दिवशी तिने सापळा लावला. सराव संपवता संपवता वहिनीला म्हणाली, "उद्या पहिली झेप डावीकडे. फक्त तुला सांगतेय हं." मनात मात्र तिने उजवीकडे जायचं ठरवलं. बेकरीवाली डावीकडे सरकली की चोर मुद्देमालासकट सापडला! "आणि उद्या खुर्चीवर दादा बसेल. तू वर प्रेक्षकांत बस. ओरडू नकोस."

"का गं?"

"मला शांतता हवीय."

वहिनी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घडी घालत राहिली. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. रबराचा आणि घामाचा वास कोंडला होता. दादा खुर्चीवर अवघडून बसला होता. वहिनी वर तिसऱ्या रांगेत, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरून. बोलायची बंदी केली तर आता खुणा सुरू! मुंगळीने दादाला डोळ्यांनी दाखवलं. त्याने वर पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शिट्टी झाली. मुंगळी उजवीकडे झेपावली आणि बेकरीवाली तिच्याआधी उजवीकडेच सरकली. मुंगळी आपटली. उठून पुन्हा गेली, पुन्हा आपटली.

मॅटला गाल टेकलेला असताना तिचा राग कुठल्या कुठे गेला. वहिनीला तर डावीकडे सांगितलं होतं. उजवीकडचं गुपित तिने दादालासुद्धा सांगितलं नव्हतं. मग फितूर कोण?

ती उभी राहिली आणि पुढच्या झेपेला निघताना तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे पाहिलं. तिचा उजवा हात आधीच वर गेला होता. बेकरीवालीच्या गळ्यापाशी त्याची बोटं हवेतच मिटत होती. तो हात कॉलर शोधत होता! कुस्तीच्या कपड्यांना कॉलर असते कुठे? ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा हात आधी कॉलरला घालायचा, ही ज्युदोतली जन्माची खोड. घरी वहिनीच्या अंगावर जॅकेट होतं, म्हणून तिथे त्या हाताला कॉलर सापडायची आणि काही वावगं दिसायचं नाही. पहिलं वर्ष कुस्तीत ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, आता मात्र तो हात साऱ्या हॉलला ओरडून सांगत होता की बाई आता उजवीकडे येतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मुंगळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिली फेरी संपली. सहा गुण बेकरीवालीचे, मुंगळीचा भोपळा. मध्ये विश्रांती अर्ध्या मिनिटाची.

"वहिनी!" मुंगळीने वर पाहून हाक मारली. "खाली ये! दादा, ऊठ खुर्चीवरून."

"तिला कशाला..."

"ऊठ म्हणते ना!"

वहिनी चपला हातात घेऊन बाकांवरून उड्या टाकत आली. रागावली नाही, टोमणाही मारला नाही. बाटली मुंगळीच्या तोंडाला लावत म्हणाली, "हात आज सुटायचा नाही. हाडात बसलाय. सर म्हणतात, ही खोड जायला महिने लागतात."

"म्हणजे ते फोन..."

"पाणी पी. हाताला जाऊ दे जिकडे जायचं तिकडे. तू उलट्या बाजूला जा."

दुसऱ्या फेरीत मुंगळीचा उजवा हात उठला, बेकरीवाली सवयीने उजवीकडे सरकली आणि मुंगळी डावीकडून तिच्या पायात शिरली. मग डावा हात, आणि झेप उजवीकडे. बेकरीवालीला काय होतंय ते समजेपर्यंत गुण बरोबरीत आले होते. शेवटच्या झेपेला मुंगळीने तिला पाठीवर टाकली, आणि आपली मूठ मग पंचांनी खांद्यावर थोपटल्यावरच सोडली.

संघाचं नवं कोरं जॅकेट हातात घेऊन ती बाहेर आली. वहिनी पिशवी घेऊन पुढे चालत होती. मुंगळीने दादाला मागे ओढलं.

"दादा, वहिनीने काही केलं नव्हतं. माझाच हात मला विकत होता."

"हं," दादा म्हणाला. "पण मग गॅलरीत जाऊन का बोलायची?"

"मी तिला घरात बोलू दिलं नाही म्हणून!"

"हं."

हा 'हं' मुंगळीच्या चांगल्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने तो तिच्याच पोटात वाढला होता.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मग फोन स्पीकरवर टाकला आणि दादाला नीट ऐकू जाईल असा हात लांब करून म्हणाली, "बोला सर. जिंकली आमची मुंगळी."