कधी आणि किती

मी राउटर बोलतोय, नर्सेस क्वार्टर्समधल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. चिडून बोलतोय, आधीच सांगतो.

मला ताईने आणलं. ती डायलिसिस विभागात नर्स होती. खोली हॉस्पिटलची, इंटरनेटची लाइनही हॉस्पिटलचीच. माझ्यातून गेलेलं सगळं खालच्या ऑफिसातूनच बाहेर पडायचं.

विभागात एका रुग्णाच्या नळ्या वरवर धुऊन दुसऱ्याला लावत. दोघांना त्यातून कावीळ झाली. ताईने वर सांगितलं, तर "तुम्ही तुमचं काम बघा," असं उत्तर मिळालं. मग ती फोटो काढून एका बातम्यांच्या साइटला निनावी पाठवू लागली. वाट धाकट्या बहिणीने दाखवलेली. ती संगणक शिकलेली. मजकूर थरावर थर गुंडाळला जायचा आणि कुठल्या कुठल्या अनोळखी संगणकांतून फिरत जायचा. आत काय आहे, ते मलाही दिसत नसे.

एका दुपारी मॅनेजर दारात उभे. "ते फोटो तुमचेच."

"माझे मेसेज वाचता तुम्ही?"

"छे हो! एक अक्षर वाचलं नाही. कधी गेलं आणि किती गेलं, एवढंच बघितलं. साइटवर फोटो यायच्या आधी दर वेळी याच खोलीतून भलं मोठं गाठोडं बाहेर पडतं."

आणि हसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुलूप न फोडता घर लुटायचं आणि वर सभ्यपणा मिरवायचा!

ताईची नोकरी गेली, खोलीही गेली. ती सामान बांधत होती तेव्हा धाकटीने मला मांडीवर घेतलं, माझ्यात नवा प्रोग्राम भरला आणि शेजारच्या मावशींच्या हवाली केलं. मावशी त्याच विभागातल्या जुन्या नर्स.

"मावशी, याला बंद करू नका."

"अगं, पण हा सारखा पाठवतोय काय?"

"भुसा. नुसता बिनअर्थाचा मजकूर, एकाच मापाची पुडकी, न थांबता. खरं काही पाठवायचं असलं की भुशाच्या जागी ते भरलं जाईल. सावकाश जाईल, पण बाहेरून फरक दिसायचा नाही."

मावशींनी मला आपल्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. "मग एकट्या माझ्याच खोलीत कशाला? सगळ्यांकडे बसव."

धाकटीने तो प्रोग्राम सगळ्या खोल्यांतल्या राउटरांत बसवला. पुढचे फोटो साइटवर झळकले, तेव्हा मॅनेजर माझ्यासमोरच संगणकवाल्यावर खेकसले, "कोण आहे, सांग!"

"साहेब, सगळ्या खोल्या अखंड बडबडतायत. ओळखू कसं?"

शेवटी तपासणी झाली. विभागाला टाळं लागलं, नव्या नळ्या आल्या आणि मगच ते निघालं. मॅनेजर मात्र अजून त्याच खुर्चीत आहेत. ताई दुसऱ्या गावी एका दवाखान्यात सुया टोचते.

माझं अंग दिवसभर तापलेलं असतं. एक दिवस जळून जाईन, त्याचं काही नाही. तोवर मला बडबडू द्या. पण तुम्हाला तर तोंड आहे ना? मग चारचौघांत उभं राहून एकदा मोठ्याने म्हणा, ताईला परत बोलवा.