लाखेवरचा अंगठा

थेंबमहाराजांच्या सभेला हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले. महाराजांनी एक रिपोर्ट उंच धरून फडफडवला.

"बघा! केमो सुरू केली, तर कॅन्सरच्या ट्यूमर मार्करचा, रक्तातल्या खुणेचा, आकडा चढला. माझे थेंब घेतले, आणि धाडकन खाली! ते विष चढवतात, मी उतरवतो!"

रिपोर्ट शिवणकाम करणाऱ्या काकूंचा होता. डोक्याला रुमाल बांधून त्या पहिल्या रांगेत गरीब गाईसारख्या बसल्या होत्या. थेंबांची बाटली त्यांना धाकट्या जाऊबाईंनी आणून दिली होती, आणि आकडा उतरताच रिपोर्टही महाराजांना नेऊन दाखवला होता.

साक्ष द्यायची काकूंना मुळीच हौस नव्हती. पण शेजारच्या खुर्चीवरचा ट्रकड्रायव्हर नुकतीच घेतलेली बाटली हातात धरून बायकोला म्हणत होता, "माझाही आकडा चढलाय. उद्याची केमो रद्द. थेंबच घेतो." बायको रडवेली झाली होती. ते ऐकून काकूंनी पिशवी उचलली. त्या उठल्या.

"महाराज, बाटलीचं बूच लाखेनं बंद करून वर अंगठा तुम्हीच उमटवता ना?"

"दुसरं कोण? त्या अंगठ्यातच शक्ती आहे!"

काकूंनी पिशवीतून बाटली काढली. लाख जशीच्या तशी, अंगठाही शाबूत. "मग ही बघा. एक थेंब पोटात गेलेला नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. जाऊबाई ओरडल्या, "ताई! कडू लागतं म्हणाला होतात!"

"अंदाजानं म्हणाले गं."

महाराज सावरले. "बाटली घरात असली तरी गुण येतो!"

"मग एकच द्या की. सगळ्या गल्लीला पुरेल!"

हसणं थांबल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "पण काकू, आकडा चढला कशानं?"

"चढला तेव्हा माझीही गाळण उडाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं कॅन्सरच्या पेशी मरतात, फुटतात, आणि त्यांच्यातला माल रक्तात सांडतो. म्हणून सुरुवातीला कधी कधी आकडा चढतो आणि मग उतरतो. सगळ्यांचंच असं होत नाही. कधी चढणं खरंच वाईटही असतं. म्हणून एका आकड्यावर निकाल लावायचा नाही. पुढचे आकडे, स्कॅन, तब्येत, सगळं मिळून बघायचं."

मग त्या महाराजांकडे वळल्या. "हे काय करतात? केमो नुकतीच सुरू झालेले, घाबरलेले लोक गाठतात. आकडा उतरला तर यांची शक्ती, नाही उतरला तर तुमची श्रद्धा कमी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसलाच प्रकार. फक्त हा कावळा तुटायला आलेल्या फांद्या हेरून बसतो!"

"म्हणजे माझाही उतरेल?" ड्रायव्हरनं हळूच विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, बाबा. यांना तर त्याहून नाही. उद्या केमोला जा आणि हाच प्रश्न तिथे विचार."

ड्रायव्हरच्या बायकोनं डोळे पुसले, नवऱ्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि व्यासपीठावर ठेवून आली. तिच्यामागे रांग लागली. महाराजांनी तेवढ्यात मागचं दार गाठलं होतं.

आकडा चढला की माणूस घाबरणारच, त्यात लाज कसली? पण घाबरलेले पाय दवाखान्याकडे वळवा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपचार सोडू नका. काकूंनी तेवढंच केलं होतं.