काशीरामकाकांचा पाय

काशीरामकाकांच्या पायाचा वास दारातच यायचा. ओलं सुकट डब्यात विसरावं आणि आठवड्याने झाकण उघडावं, तसा. पायरीवर चप्पल काढतानाच दीपाली तोंडाने श्वास घ्यायला लागली, तर तो वास जिभेवर येऊन बसला.

साखरेने पाय सडला होता. अंगठा कापून झाला होता आणि पुढचं कापायला म्हातारा तयार नव्हता. बायको देवाघरी गेलेली, मुलगा दुबईत. रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "रोज ड्रेसिंगला कोण जाईल?" तेव्हा सगळ्यांना एकदम गीतांची पुस्तकं पिशवीत भरायची घाई झाली. मग नजरा दीपालीकडे वळल्या. ती मिरजोळ्याला एका दवाखान्यात नर्स होती. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

खरं तर रेटायला हवी होती. नवरा दारू पिऊन मारायचा म्हणून ती खेडचं सासर सोडून आली, तेव्हा भर सभेत याच काशीरामकाकांनी उभं राहून म्हटलं होतं, "नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने आमच्या पोरांना पवित्र शास्त्र शिकवू नये." तिच्याकडची रविवारची शाळा त्याच दिवशी काढून घेतली गेली. कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून ती चर्चमध्ये यायची, गुडघे टेकायची, पण वर कोणी ऐकतंय असं तिला वाटेनासं झालं होतं. तरी रविवार चुकवत नव्हती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिने जुनी पट्टी सोडवली. शेवटचा थर पुवाने चिकटला होता. तो ओला करून सोडवला, तेव्हा आत काहीतरी पांढरं वळवळलं. अळ्या. दीपाली उठून मागीलदारी धावली आणि केळीच्या बुंध्याशी भडभडून ओकली.

चूळ भरून परत आली तर म्हातारा म्हणतो, "एवढी नाजूक, तर आलीस कशाला गो? तुझ्यासारखीला काही निभवायचं नाही. नवरा नाही निभवलास, पाय काय निभवणार!"

दीपालीने चिमट्यात बोळा धरला आणि उघड्या मांसावर दाबला. हवा त्यापेक्षा जोराने. म्हातारा किंचाळला. आणि तिला बरं वाटलं. आतून गार गार वाटलं. म्हणून तिने आणखी एकदा दाबला.

मग तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली.

पट्टी कशीबशी गुंडाळून ती निघाली. भाट्याच्या पुलावर तिने स्कूटर उभी केली. साबणाने दोनदा धुऊनही बोटांना तो वास होता. पण आता तिला किळस पायाची येत नव्हती. ओरडणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून आपण सुखावलो, त्याची येत होती. प्रार्थना करायला तिने तोंड उघडलं, तर शब्दांऐवजी घशात आंबट पाणी आलं.

तिने पाळकसाहेबांना फोन लावला. "मला जमायचं नाही. दुसरं कोणीतरी बघा."

"बरं," ते म्हणाले.

"कोणाला पाठवाल?"

"मीच गेलो होतो, दीपाली. तुझ्या आधी. दारापर्यंत गेलो, वास आला, आणि परत फिरलो. नंतर रविवारी उभा राहून तुम्हाला विचारलं."

दीपालीला त्यांचीही शिसारी आली. फोन कानाला तसाच धरून ती खाली खाडीकडे बघत राहिली. "असे कसले हो आपण लोक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर ती पुन्हा त्या दारात उभी होती. म्हाताऱ्याने तिला बघून पाय जवळ ओढून घेतला.

"काका, काल मी मुद्दाम दाबलं."

"कळलं मला."

"चुकलं माझं. तुमचा राग आहे. आजही आहे."

"मग परत कशाला आलीस?"

"माहीत नाही."

म्हातारा भिंतीकडे बघत राहिला. सभेतल्या त्या दिवसाबद्दल तो बोलेल, असं तिला क्षणभर वाटलं. तो बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने पाय पुढे सरकवला आणि कुरकुरला, "हळू कर. आणि ते औषध फार झोंबतं, कमी घाल."

ती खाली बसली. वास तसाच होता. प्रभू, ती मनात म्हणाली, तू आहेस की नाहीस ते मला आज ठरवता येत नाही. या माणसाची मला घाण वाटते, आणि माझीही. हात तेवढा हलका ठेव.

तिने पट्टीचं टोक पाण्याने भिजवलं, ते सुटेपर्यंत थांबली आणि एकेक अळी चिमट्याने उचलून वाटीत टाकू लागली. मधेच उठून एकदा मागीलदारी ओकून आली. पुन्हा बसली.

"झालं का गो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही अजून," दीपाली म्हणाली. "पाय हलवू नका."