कमिटीची कुवारी विहीर

अमरावतीच्या माळीपुऱ्यात कमिटीने विहीर खोदली, तिला पाणी लागले, आणि खुशालरावांची झोप उडाली. पाणी लागले नसते तर नशिबाला बोल लावून मोकळे होता आले असते.

खुशालराव कमिटीचे मेंबर होते. गावच्या साफसफाईसाठी आणि पाण्यासाठी साहेबाने पाच वजनदार माणसे नेमली होती. त्यातली चार कापसामुळे वजनदार होती, खुशालराव अंगाने.

सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली होती. बाजाराच्या वाटेवर गाड्यांना गाड्या लागत. गाडीवान भावासाठी भांडत बसे. तोवर त्याचे बैल माळीपुऱ्यातली जुनी विहीर पिऊन टाकीत. माघ सरता सरता तळाचा गाळ दिसू लागला आणि गोदाबाईच्या वांग्यांनी माना टाकल्या.

गोदाबाई माळीण, नवऱ्यामागे एकटी मळा राखणारी. एवढ्याशा मळ्यावर तिचे पोट. नव्या विहिरीसाठी त्याच मळ्याचा कोपरा तिने सोडून दिला होता, तो खुशालरावांच्या शब्दावर. होळीच्या आत वांग्याला पाणी, असा तो शब्द होता.

पाणी आले, पण काढायचे कोणी? नव्या विहिरीचे लग्न लागल्याशिवाय तिच्यात घागर सोडायची नाही, हा रिवाज. मालकाने बायकोसह पाटावर बसायचे, भटजींनी मंत्र म्हणायचे, पंगत उठली की पहिली घागर. त्यातही मालकाला पथ्य कडक. लग्नाआधी त्याने थेंब चाखायचा नाही. कमिटीने जागा पाहिली, खडक फोडला, काठ बांधला. या विहिरीचा मालक कोण, एवढेच पाहायचे राहून गेले.

खुशालरावांनी बैठकीत सांगून टाकले की मी आणि मैनाबाई बसतो पाटावर. कापसाचे अडते नत्थुजी पानाला चुना लावत होते. ते हसले.

"आज पाटावर बससान, पाटील, अन् उद्या विहीर माही म्हनसान."

मग तुम्ही बसा, असे खुशालराव म्हणाले. नत्थुजी इतक्या चटकन तयार झाले की उरलेल्या तिघांनाही आपापल्या बायका आठवल्या. ती बैठक तिथेच संपली. पुढच्या दोन बैठकाही तिथेच संपल्या.

शेवटी खुशालराव पागोटे बांधून साहेबाच्या बंगल्यावर गेले. साहेबाने शांतपणे ऐकून घेतले आणि विहीर सरकारची आहे असे सांगितले. सरकार म्हणजे कोण, तर राणी. राणीसाहेबांच्या यजमानांना पाटावर बसवता येईल का, म्हणून खुशालरावांनी चौकशी केली, तेव्हा ते वारल्याचे कळले.

परतताना गोदाबाई बांधावरच भेटली. तिला सगळे सांगावे लागले. तिने जरा विचार केला.

"म्हंजे तिले बी माह्यासारखंच पाटावर बसू देत नसतीन."

"नसतीन."

"मंग तुमची कमिटी काहून हाय, पाटील? विहिरी खोदाले का वांगे माराले?"

 घरी जाऊन खुशालरावांनी याचा राग मैनाबाईंवर काढायचा प्रयत्न केला, पण त्यांनीही तेच विचारले.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा त्यांनी बैठक विहिरीवरच बोलावली. चौघे मेंबर आले, भटजी आले, अर्धा माळीपुरा जमला. पुन्हा तेच सुरू झाले. नत्थुजी पुन्हा पान लावू लागले, तसे खुशालराव उठले, घागर विहिरीत सोडली, वर ओढली आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायले.

"मालक असतो तं पेलो असतो का?" त्यांनी मिशा पुसत विचारले. "झाली खातरी? आता मी पाटावर बसतो."

खात्री सर्वांचीच झाली. खुशालराव मालक नव्हते, यावर प्रथमच कमिटीचे एकमत झाले. मग भटजींनी घसा खाकरला आणि उष्ट्या विहिरीचे लग्न लागत नसते, असे सांगितले.

"गावाची विहीर उष्टी केली, पाटील तुमी," नत्थुजी हळहळले.

लोक पांगले. गोदाबाई तेवढी थांबली. तिने पदर खोचला आणि दोर हातात घेतला.

"वांग्याले उष्टं चालते," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिचे दोन वाफे भिजले. शब्द पाळला गेला, असे वाटून खुशालराव त्या रात्री खरेच झोपले.

सकाळी उठून पाहतात तो नव्या विहिरीवर गाड्यांची रांग. गावाने टाकलेली विहीर आहे, ही बातमी गाडीवानांना गावाआधी कळली होती, आणि बैलाला लगन-गिगन काही लागत नाही. रांगेच्या शेवटी रिकामी घागर घेऊन गोदाबाई उभी होती.  तिच्यामागे माना टाकलेली वांगी दिसत होती.

खुशालरावांनी कुंपणाची एक काठी उपसली आणि काठावर उभे राहून बैल हाकलू लागले. दुसऱ्या दिवशीही उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मैनाबाईंनी भाकरी तिकडेच पाठवली. खुशालरावांच्या पाठीमागे गोदाबाई वाफे भिजवीत होती.

होळीच्या दिवशी बाळापुराकडचा एक गाडीवान हटून बसला. हा काठीवाला कोण, मले हटकनारा, म्हणून तो वाटेने जाणाऱ्या नत्थुजींना विचारू लागला. नत्थुजींनी पानाची पिंक टाकली.

"तो व्हय? तो विहिरीचा मालक."